पश्चिमेची खिडकी आणि काचेवरचा लेप

नवी मुंबईत करावे गावाजवळ, पाम बीच रस्त्यालगतच्या टॉवरांत पश्चिमेची खिडकी म्हणजे दुपारी तीननंतर एसीवर भार. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची. साधी काच ती बहुतेक आत सोडते. ‘लो-ई’ काचेवर निर्वात कक्षात चांदीचा थर चढवतात, जाडी जेमतेम १० नॅनोमीटर. उजेड आत येतो, अवरक्त किरण बरेचसे परततात. असा लेप दमट हवेत खराब होतो, म्हणून तो दुहेरी काचेच्या बंद पोकळीत, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. नुसत्या काळ्या काचेत फारसा अर्थ नाही: ती ऊन शोषून स्वतःच तापते, वर दिवसा दिवे लावा! मावळतीचं तिरपं ऊन छज्जाही अडवत नाही. बाहेरून बांबूचा पडदा सोडला तर मात्र स्वस्तात बरंच भागतं.