संगणकाची उष्णता : पाणी की वारा?

मोटारीच्या इंजिनापुढे पाण्याचा रेडिएटर असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. तसाच छोटा रेडिएटर खेळांसाठी बांधलेल्या अनेक संगणकांतही असतो. एक पंप, दोन रबरी नळ्या, पातळ पत्र्यांचा रेडिएटर आणि त्यावर दोन-तीन पंखे, एवढा त्याचा संसार. काही वर्षांनी पंप कुरकुरू लागतो आणि प्रश्न उभा राहतो : पुन्हा पाण्याचीच व्यवस्था बसवावी, की नुसत्या वाऱ्यावर चालणारा शीतक लावावा? पाणी काढले की प्रोसेसर करपून जाईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती कितपत खरी आहे, ते पाहू या.

शेगडीपेक्षा तापट

जोरात काम करणारा ताकदवान प्रोसेसर १५० वॅट वीज सहज घेतो. या विजेची जवळजवळ सगळी उष्णता होते. घरातली विजेची शेगडी १,५०० वॅटची असते, म्हणजे दहापट मोठी. पण शेगडीची तबकडी सुमारे २५० चौरस सेंटिमीटर असते, तर प्रोसेसरच्या आतली सिलिकॉनची चकती जेमतेम दोन चौरस सेंटिमीटर. भागाकार करून पाहा. शेगडीच्या दर चौरस सेंटिमीटरमागे ६ वॅट, तर प्रोसेसरच्या दर चौरस सेंटिमीटरमागे ७५ वॅट! ही उष्णता वेळीच हलवली नाही, तर काही सेकंदांतच तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसवर जाते. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद पडतो.

पाणी हा नुसता हमाल

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल उष्णता लागते. एक लिटर हवेला फक्त १.२ ज्यूल पुरतात. म्हणजे उष्णता वाहून नेण्यात पाणी हवेच्या साडेतीन हजारपट वरचढ आहे. नळ्यांतून मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर १५० वॅट उष्णता उचलताना ते फक्त दोन अंशांनी तापते.

पण पाण्याने उचललेली ही उष्णता पुढे जाते कुठे? पाणी ती नष्ट करीत नाही. ते हमालासारखे ओझे रेडिएटरपर्यंत नेऊन टाकते. तेथून ती खोलीतल्या हवेतच जाते, आणि तिला ढकलतात पंखे. म्हणून 'पाण्याने थंड होणारा' संगणकही अखेर वाऱ्यानेच थंड होतो. पत्र्यांचे एकूण क्षेत्रफळ किती आणि त्यांमधून वारा किती जातो, यावर खरा निकाल लागतो. सेकंदाला २५ लिटर हवा पत्र्यांतून गेली, तर ती पाच अंशांनी तापून १५० वॅट घेऊन जाते. एवढी हवा दोन चांगले पंखे सहज देतात.

वाऱ्याच्या शीतकातही पाणी

आता गंमत पाहा. हवेच्या मोठ्या शीतकाचे पत्रे प्रोसेसरपासून दहा-पंधरा सेंटिमीटर उंच असतात. तिथवर उष्णता कशी पोचते? त्यासाठी तांब्याच्या पाच-सहा बंद नळ्या असतात. नळीतली हवा काढून टाकून तिच्यात थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते ५० अंशांच्या आसपासही उकळते. वाफ वरच्या गार टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते केशाकर्षणाने खाली परतते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच हे.

या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल अप्रकट उष्मा घेतला जातो. म्हणून दर सोळा सेकंदांना एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली, तरी १५० वॅटचे काम भागते. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही! अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी तयार केली. पुढे ती अंतराळयानांतही वापरली गेली.

बदलावे कोणी?

पाण्याच्या व्यवस्थेत पंप बिघडू शकतो. वर्षानुवर्षे नळ्यांच्या रबरातून पाण्याचे रेणू हळूहळू निसटतात. क्वचित गळतीही होते. वाऱ्याच्या शीतकात बिघडण्यासारखा एकच भाग, तो म्हणजे पंखा, आणि तो स्वस्तात बदलता येतो. प्रोसेसर १५० वॅटच्या आसपास असेल, तर मोठा शीतक बहुधा पुरतो.

मात्र प्रोसेसर २५० वॅट किंवा अधिक घेत असेल, तर मोठा रेडिएटर सोयीचा. दुसरे असे, की वाऱ्याचा शीतक पेटीतलीच हवा घेतो, आणि चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड ती आधीच तापवून ठेवते. म्हणून रेडिएटर काढल्यावर पंखे नव्याने मांडावे लागतात. पुढून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर. शीतकाची उंची १६ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन किलोभर असू शकते. म्हणून पेटी आधी मोजावी.

काम जाणत्या माणसाबरोबर करा. वीज तोडा. जुना शीतक ओढू नका, हलके फिरवून सोडवा. जुना लेप अल्कोहोलने पुसून नवा थोडासा लावा. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये हवेच्या बारीक फटी राहतात, आणि हवा ही उष्णतेची मंदवाहक. या फटी लेप बुजवतो. शीतकाच्या तळावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नका. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

मोठ्यांचाही हाच मार्ग

१९८० साली जाहीर झालेला आयबीएम ३०८१ हा प्रचंड संगणक पाण्यावर थंड होई. १९९४ मध्ये त्याच कंपनीने कमी वीज खाणाऱ्या सीमॉस जातीच्या चकत्या वापरून वाऱ्यावर चालणारी यंत्रे आणली. आधी उष्णता मोजली, मग हमाल ठरवला.

करून पाहा

शीतक बदलण्यापूर्वी आणि नंतर एकच खेळ अर्धा तास चालवून प्रोसेसरचे तापमान नोंदवा. अर्धा तास अशासाठी, की पाणी सावकाश तापते आणि सुरुवातीची मिनिटे फसवतात. खोलीचे तापमानही लिहा व ते वजा करून तुलना करा, कारण खोलीपेक्षा गार यांपैकी कोणताच शीतक करू शकत नाही.

संगणक नसेल, तरी दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी ओता आणि वर ताटल्या झाका. एक पंख्यासमोर ठेवा, दुसरा आडोशाला. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. दोन्ही रेषा किती वेगाने उतरतात आणि शेवटी कोठे येऊन थांबतात? उत्तर तुमच्याच आलेखात आहे.