गणित विभागाशी संपर्क : मार्गदर्शन, नोंदणी आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका

प्रस्तावना :
१९४९ मध्ये स्थापन झालेल्या व आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाशी नाशिक जिल्ह्यातील बहुसंख्य पारंपरिक महाविद्यालये संलग्न आहेत. इगतपुरीसारख्या तालुक्यातील विद्यार्थ्यास एम. एस्सी. (गणित) करावयाचे असेल, तर विद्यापीठाच्या गणित विभागाशी संपर्क कसा साधावा हे सांगणारे घरात बहुधा कोणी नसते. प्रवेशाचे जून-जुलै महिने हेच भाताच्या आवणीचे आणि धो धो पावसाचे दिवस. अशा वेळी पुण्याची एक निष्फळ फेरी म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी. प्रस्तुत लेखात ही फेरी टाळण्याचा मार्ग विशद केला आहे.

प्रश्नांचे वर्गीकरण :
विद्यार्थ्याच्या मनात दोन भिन्न स्वरूपाचे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. पात्रता, कायम नोंदणी क्रमांक, नावातील दुरुस्ती, परीक्षा अर्ज हे प्रशासकीय प्रश्न होत. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याची ही कामे महाविद्यालयामार्फतच विद्यापीठाकडे जातात. गणित विभाग ती करू शकत नाही. श्रेयांक पेढीतही विद्यार्थी केवळ आपले खाते उघडतो, श्रेयांक मात्र शिक्षणसंस्थेनेच जमा करावयाचे असतात. कागदपत्रांबाबत शंका उरल्यास पुण्यास जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रात चौकशी करणे श्रेयस्कर.

दुसऱ्या प्रकारचे प्रश्न शैक्षणिक होत. वास्तव विश्लेषण आणि रेषीय बीजगणित यांची तयारी पुरेशी आहे काय, कोणते ऐच्छिक विषय घ्यावेत, विभागाच्या प्रवेशपरीक्षेचे स्वरूप काय, संशोधनाच्या दिशा कोणत्या, यांची उत्तरे गणित विभागच अधिकाराने देऊ शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी पदवी रचना सुरू झाली. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची एम. एस्सी., की चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एका वर्षाची, या निवडीसाठी जाणत्या सल्ल्याची गरज आता अधिक आहे.

पत्रव्यवहाराची पद्धती :
विभागास लिहिताना एका पत्रात एकच विषय असावा. गुणपत्रिकेप्रमाणे पूर्ण नाव, महाविद्यालय, वर्ग, अभ्यासलेले विषय व अंतिम मुदत सुरुवातीसच नमूद करावी. गुणपत्रिकेची प्रत जोडावी. ‘मला माहिती हवी आहे’ या वाक्यास उत्तर देणे कठीण असते. ‘सांख्यिकी हा गौण विषय असताना अमुक ऐच्छिक विषय घेता येईल काय?’ याचे उत्तर दोन ओळींत येते. उत्तर न आल्यास आठवड्याने नम्र स्मरणपत्र पाठवावे. प्रवेशासंबंधी मिळालेले उत्तर अधिकृत परिपत्रकाशी ताडून पाहावे.

प्राध्यापकांची भूमिका :
इगतपुरीहून नाशिककडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील देवळाली येथे द. रा. कापरेकर शालेय शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नसतानाही त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधून १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. जगभर प्रसिद्धी मात्र १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे लाभली. विद्यापीठीय वर्तुळाबाहेरील बुद्धिमत्तेस दुव्याची किती आवश्यकता असते, याचे हे निदर्शक उदाहरण आहे. आज तो दुवा होण्याचे काम महाविद्यालयीन प्राध्यापकांचे आहे. त्यांनी प्रश्नाचे वर्गीकरण करून द्यावे, पत्राचा मसुदा पाहावा आणि आवश्यक तेथे आपले शिफारसपत्र जोडावे.

समारोप :
प्रत्येक महाविद्यालयाच्या गणित विभागाने अशा प्रश्नोत्तरांची एक नोंदवही ठेवावी. एका विद्यार्थिनीने मिळविलेले उत्तर पुढील वर्षीच्या दहा विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल. यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही; आवणीच्या दिवसांत विद्यार्थ्याची एक फेरी वाचली, तरी त्या नोंदवहीचे सार्थक होईल.