नफ्याचे माप : एकर की पाण्याची पाळी?

पुष्कळ शेतकरी बंधू एकरी नफा पाहून रब्बीचे पीक ठरवितात. परंतु ज्या साधनाची टंचाई, त्याच्याच मापाने नफा मोजणे हिताचे होय. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र व विहीर यांची नोंद असते. विहिरीचे पाणी किती पाळ्या पुरेल, हे मात्र धन्यानेच मांडावे लागते.

मध्यम काळ्या जमिनीत गव्हास सुमारे सहा पाळ्या लागतात, तर हरभऱ्यास सुमारे तीन. समजा, घरच्या मजुरीसह सर्व खर्च वजा जाता गहू एकरी १८,००० रुपये देतो व हरभरा १५,०००. वरकरणी गहूच सरस. परंतु जमीन चार एकर असून पाणी दोन एकर गव्हापुरतेच असेल, तर गव्हाचे ३६,००० रुपये होतील. तेवढ्याच पाण्यावर चारही एकर हरभरा होऊन ६०,००० मिळतील. उरलेल्या दोन एकरांतील जिरायत ज्वारी ही २४,००० ची तूट भरून काढील काय, हे पाहावे. पाणी मुबलक असेल तेथे मात्र हिशेब उलटतो व गहूच फायद्याचा ठरतो.

सबब, पेरणीपूर्वी आधी पाणी मोजावे, मग पीक ठरवावे.