पूर्वअटींचे कुंपण आणि आमची मुले

लासलगावचा कांदा बाजार आशियातील सर्वात मोठा म्हणून ओळखला जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात, व्यापारी बोली करीत पुढे सरकतात आणि काही क्षणांत एका कुटुंबाच्या चार महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर निर्यातबंदी घातली तेव्हा येथील लिलाव बंद पडले होते. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. शेतकऱ्यांचे जे नुकसान झाले ते वर्तमानपत्रांतून आले, ते यायलाच हवे होते. परंतु लिलाव बंद म्हणजे गोणी उचलणाऱ्या हमालाची आणि खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बंद, याची नोंद कोण घेतो? हे हमाल आणि ह्या बाया कोणकोणत्या वस्त्यांतून येतात, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

भाव पडण्याचा धोका कोणी सोसायचा आणि त्या धोक्याची किंमत किती धरायची, हे गणिताने ठरविणारे एक शास्त्र आहे. त्याला फायनान्शियल इंजिनिअरिंग म्हणतात. वायदे, ऑप्शन, पीकविमा, कर्जरोखे या सगळ्यांच्या किमती त्यातून निघतात. सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये गहू, चणा, मोहरी, सोयाबीन यांसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात भरपूर लिहिले गेले. लिहिणाऱ्यांत, आकडे मांडणाऱ्यांत आमचे किती होते? ज्यांच्या घरात धोका रोज मुक्कामाला असतो, त्यांच्यापैकी त्याचे गणित मांडणारा कोणी नाही, ही गोष्ट आम्हाला बोचते.

ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली गेले, तेथे आज या विषयाची मास्टर्स पदवी आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये फायनान्शियल मॅथेमॅटिक्स शिकवितात. अलीकडे दाखले आणि प्रतिज्ञापत्रे करून घ्यावयास आमच्याकडे जी मुले येतात, त्यांच्या तोंडी ही नावे असतात. आनंदच वाटतो. पण दोन शब्दांपाशी ही मुले अडखळतात. एक पूर्वअट आणि दुसरा प्रतीक्षायादी. दोन्हींबद्दल समाजात जवळजवळ अंधार आहे.

पूर्वअटीचे आधी पाहू. बहुतेक विद्यापीठे म्हणतात की पदवी कोणत्याही शाखेची चालेल. वाचून मुलगा हुरळतो. पण त्याच पानावर खाली लिहिलेले असते की उमेदवाराने बहुचल कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, डिफरन्शियल इक्वेशन्स, संभाव्यताशास्त्र व सांख्यिकी हे विषय पदवीच्या पातळीवर केलेले असावेत आणि त्याला सी प्लस प्लस किंवा पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिता यावा. म्हणजे बी.कॉम.ला ८० टक्के मिळविलेल्या आमच्या हुशार पोरीला दार बंद, कारण अकरावीला तिने गणित सोडलेले असते. सोडलेले की सोडावयास लावलेले? दहावीचा निकाल लागला की वस्तीतल्या मुलाला सल्ले सुरू होतात. गणित अवघड आहे, तुला झेपायचे नाही, आर्ट्सला जा, आयटीआय कर, लवकर कमव. हा सल्ला देणारे गुरुजी वाईट असतात असे नाही. पण परदेशातल्या विद्यापीठाचे दार तेथे पंधराव्या वर्षी लागते आणि त्याचा आवाज बाविसाव्या वर्षी ऐकू येतो.

हे नवीन नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही, तेव्हा त्यांना फारसी घ्यावी लागली. तेव्हा विषय जातीचे नाव घेऊन नाकारला जात असे, आता तो काळजीच्या सुरात नाकारला जातो. पुढे कोलंबियात बाबासाहेबांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच यादीत प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक अभ्यासक्रम आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठाचा हा पदवीधर परक्या भाषेच्या मुळाक्षरांच्या वर्गात जाऊन बसला. आमच्या बी.कॉम. झालेल्या पोरीने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे कलनशास्त्र पुन्हा हातात घेतले तर त्यात कमीपणा कसला?

ते घेता येते. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे रेषीय बीजगणिताचे, संभाव्यतेचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. थोडे शुल्क भरून परीक्षाकेंद्रावर परीक्षा दिली की प्रमाणपत्रही मिळते. ज्याचे बी.एस्सी. झाले आहे त्याने पुणे विद्यापीठातून गणितात किंवा सांख्यिकीत एम.एस्सी. करावे, आरक्षण आहे, फी आवाक्यातली आहे, दोन वर्षांत पाया पक्का होतो. अभियांत्रिकीच्या मुलांची गोष्ट वेगळी. एम-वन, एम-टू, एम-थ्री या पेपरांत यातले पुष्कळ येऊन गेलेले असते. पण गुणपत्रकावर नुसते 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स' एवढेच छापलेले असते, आत काय शिकविले ते अमेरिकेतल्या प्रवेश समितीला कसे कळणार? तेव्हा विद्यापीठाचा अभ्यासक्रम काढून, कोणत्या पेपरात कोणता भाग होता याचा एक पानी तक्ता करून, अर्जात सोय असेल तेथे जोडावा. एवढ्या एका पानाअभावी अर्ज मागे पडू शकतो.

आता खरी मेख पाहा. पूर्वअट थोडी कमी पडली तर विद्यापीठ कधी कधी सशर्त प्रवेश देते. उन्हाळ्यात अमुक विषय पूर्ण करा, मग या. श्रीमंताच्या मुलाला याचे काही वाटत नाही, तो फी भरून विषय पूर्ण करतो. आमच्या मुलाचे तसे नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला विनाअट प्रवेशपत्र लागते. सशर्त पत्र चालत नाही, आणि प्रतीक्षायादीचे पत्र तर प्रवेशपत्रच नव्हे. म्हणजे अकरावीत सुटलेले गणित शेवटी शिष्यवृत्तीही घेऊन जाते. हे दोन नियम दोन वेगळ्या देशांत, वेगळ्या हेतूंनी केलेले आहेत. पण ते एकत्र येऊन पडतात एकाच पोराच्या अंगावर.

प्रतीक्षायादीबद्दल मुलांचा समज रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखा असतो. माझा नंबर किती, तो केव्हा कन्फर्म होणार? बहुतेक ठिकाणी येथे नंबरच नसतो. प्रवेश मिळालेल्यांनी अनामत भरण्याची तारीख संपली, काहींनी दुसरीकडे जाणे पसंत केले, की समिती उरलेली नावे पुन्हा पाहते. तेव्हा थांबलेल्याने तीन गोष्टी कराव्यात. यादीत राहावयाचे आहे असे ताबडतोब लेखी कळवावे. मधल्या काळात नवे गुण मिळाले, राहिलेला विषय पूर्ण झाला, तर कागदासह एकदाच कळवावे. रोज ईमेल करून गयावया करू नये, गणिताचा एक जास्तीचा पेपर शंभर विनंत्यांपेक्षा भारी असतो. आणि दुसरीकडे विनाअट प्रवेश मिळालेला असेल तर तो हातचा घालवू नये, शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच पत्रावर करावा. प्रतीक्षायादी हलली तरी ती जूनपर्यंतही हलू शकते, त्यानंतर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवावी लागते, आणि सरकारचे अर्ज तोवर कोणासाठी थांबत नाहीत.

सरकारी शिष्यवृत्तीचीही एक प्रतीक्षायादी असते, तिचे नाव तेवढे वेगळे. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. जुलै २०२५ मध्ये १०६ जणांची निवड जाहीर झाली. त्यांतील ४० जणांना तात्पुरती पत्रे दिली गेली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील असे सांगण्यात आले. निवड झालेला विद्यार्थी विद्यापीठाला काय कळविणार? निधी उपलब्ध झाल्यास येतो? अमेरिकेत या विषयाच्या नामांकित अभ्यासक्रमांची नुसती फीच पन्नास लाखांच्या पुढे जाते. बँकेकडे जावे तर साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सर्वसाधारणपणे तारण मागतात. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईने काय तारण ठेवावे, टोपली?

बाबासाहेबांनाही थांबावे लागले होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत १९१७ साली संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा मात्र त्यांनी मागून घेतली होती. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठविला, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. त्या डी.एस्सी.चा रुपयावरचा प्रबंधही परीक्षकांच्या हरकतींमुळे दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला होता. या तीन वर्षांत त्यांनी मुभेचा कागद जपला, हे वकील म्हणून आमच्या विशेष लक्षात राहते. आजच्या मुलांनीही यंदा पैसा जमला नाही तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलण्याची मुभा विद्यापीठाकडे लेखी मागावी. काही ठिकाणी ती मिळते. न मागता मात्र कोठेच मिळत नाही.

समाजाने काय करावे? वर्षावासात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते. लासलगाव, निफाड, येवला, चांदवड या भागात अभियांत्रिकी शिकलेली आपली मुले आता आहेत. त्यांनी त्याच विहारात रविवारी दोन तास आठवी ते दहावीच्या मुलांचे गणित घ्यावे. फळा आहे, सतरंजी आहे, वीज आहे. जयंतीच्या मंडळांनी डीजेच्या खर्चातून एक संगणक घेतला तर पायथॉनही तेथेच शिकविता येईल. (डीजेचा विषय काढला की काहींना राग येतो, तो येऊ द्यावा.)

आणि कागदपत्रे. येथे आमचा रोजचा अनुभव बोलतो. राज्याच्या नमुन्यातला जातीचा दाखला केंद्राच्या योजनेत चालेलच असे नाही. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण दाखल्याचा नमुना चुकला की खिडकीवरचा कारकून अर्ज परत करतो. यास्तव जाहिरातीत दिलेला नमुना पाहून दाखला आधीच काढावा. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. हमालाकडे पगारपत्रक नसते, म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तहसीलला गर्दी उसळते. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५, तिच्या अटी मध्यंतरी बदलल्या आहेत, तेव्हा गेल्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर न जाता त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. पासपोर्ट, विद्यापीठाची सीलबंद गुणपत्रके, प्राध्यापकांची शिफारसपत्रे हे सर्व दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मार्गी लावावे, कारण परदेशातील पहिल्या फेरीचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होऊ लागतात.