मुलींच्या कॉलेजबद्दल राजाजीनगरातले समज

सेकंड पीयूसीचा निकाल लागला की बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आर्ट्सच घ्यायचंय ना, मग मुलींचं कॉलेज बघू या. निदान काळजी नको.’ एवढ्याशा वाक्यात दोन गैरसमज आहेत.

मुलींच्या कॉलेजात फक्त आर्ट्स आणि होम सायन्स असतं, हा पहिला. बेंगळुरूत महाराणी कॉलेजचं विज्ञान महाविद्यालय वेगळं आहे आणि आता ते महाराणी क्लस्टर विद्यापीठात मोडतं. 1948पासूनच्या माउंट कार्मेलमध्ये बीएस्सी आहे, बीकॉमही आहे. शिवाय अमेरिकेत ज्याला लिबरल आर्ट्स म्हणतात, ते म्हणजे आपलं ‘आर्ट्स’ नव्हे. त्यात गणित आणि भौतिकशास्त्रही येतं. संगणकक्षेत्रात नाव झालेल्या ग्रेस हॉपर हेच दोन विषय घेऊन 1928 साली अमेरिकेतल्या व्हॅसरमधून पदवीधर झाल्या. व्हॅसर तेव्हा फक्त मुलींचं होतं.

दुसरा समज जास्त चिवट : मुलींच्या कॉलेजात गेली की पोरगी जगापासून तुटते. (‘काळजी नको’ म्हणणाऱ्यांना तेच हवं असतं, ते सोडा.) कमला भागवतांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, आणि ती सुरू होते मल्लेश्वरमपलीकडच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आयआयएससीत. 1933 साली मुंबईहून त्यांनी तिथे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, तोही अटी घालून. पुढे त्या केंब्रिजला न्यूनहॅममध्ये गेल्या. 1871 साली सुरू झालेलं हे कॉलेज बायकांचंच, पण काम करायचं ते हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सगळ्यांच्या बरोबरीनं. 1939 साली पीएचडी मिळाली. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो.

जुनं नाव म्हणजे आजही फक्त मुलीच, हेही गृहीत धरू नका. व्हॅसरनं 1969 साली मुलगे घेतले, मुलींचं रॅडक्लिफ 1999 साली हार्वर्डमध्ये पुरतं विरलं, आणि माउंट कार्मेलनंही मुलांना प्रवेश द्यायला सुरुवात केली आहे. मुलींचंच हवं असेल तर त्या कोर्सचं यंदाचं माहितीपत्रक बघा. मावशी तिथं शिकली होती, हा पुरावा चालत नाही.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक एसएनडीटी सुचवतात आणि तिला मुंबई विद्यापीठाचं कॉलेज समजतात. ते महर्षी कर्व्यांनी 1916 साली काढलेलं महिलांचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. सुरुवातीला त्याच्या पदवीला सरकारमान्यता नव्हती, त्यामुळे ‘ती पदवी चालते का?’ हा प्रश्न आजीच्या काळी रास्त होता. स्वातंत्र्यानंतर कायदाच झाला, तेव्हा आता तो निकालात निघालाय.

खरी चौकशी करायची ती कॉम्बिनेशनची. मानसशास्त्राबरोबर अर्थशास्त्र मिळतं का, की टाइमटेबलात दोन्ही एकाच तासाला येतात? कर्नाटकानं 2024-25पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली आहे, हेही परदेशी एमए डोक्यात असेल तर आधीच धरून चाला. आणि रोजचं जाणं-येणं : महाराणीसाठी राजाजीनगरहून ग्रीन लाइन, मॅजेस्टिकला पर्पल लाइन, पुढचंच स्टेशन सर एम. विश्वेश्वरय्या. महाराणी लक्ष्मी अम्मण्णी कॉलेज मल्लेश्वरमातच आहे, त्यासाठी मेट्रोचीही गरज नाही.