घोडे इंजिनात, पकड टायरात

रेसिंगच्या पिटमध्ये आभाळ मोकळं असेल तर सगळी गर्दी इंजिनवाल्यांभोवती असते. हॉर्सपॉवर किती, टॉप स्पीड किती, शंभरचा वेग किती सेकंदांत, याच गप्पा. वाऱ्यात गारवा आला आणि काचेवर पहिला थेंब पडला की तीच गर्दी टायरवाल्याकडे वळते. ड्रायव्हर, इंजिनीअर, गाडीचा मालक, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "आता काय करायचं?"

मी टायरवाला. गाव बीबी, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. मेहकरहून सुलतानपूर, बीबी, दुसरबीड करत सिंदखेडराजाला जाणारा जुना नागपूर-मुंबई रस्ता आमच्या गावातून जातो. त्या रस्त्याच्या कडेला काकांच्या पंक्चरच्या दुकानात मी टायर उतरवायला शिकलो आणि पुढे रेसिंग टीमच्या टायरगाड्यांबरोबर देशभर फिरलो. आता समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो. तीनशे-चारशे हॉर्सपॉवरच्या गाड्या गावाजवळून सुसाट जाताना दिसतात. थंडीत आणि पावसात अशा गाडीला जमिनीवर धरून कसं ठेवतात, हे टीव्हीवर दिसत नाही. म्हणून हे पडद्यामागचे किस्से.

नवा दिसणारा म्हातारा टायर

हौशी मालकांना स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवू देतात, त्याला ट्रॅक डे म्हणतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर हिवाळ्यात असाच एक ट्रॅक डे होता. उत्तरेतली पहाट, धुकं, ओलसर डांबर. एका मालकाची महागडी जर्मन स्पोर्ट्स कार पहिल्याच वळणांवर दोनदा गर्रकन फिरली. ते तणतणत पिटमध्ये आले. ट्रॅक्शन कंट्रोल बिघडलंय, कंपनीने फसवलंय, असं त्यांचं म्हणणं. टायरची नक्षी तर जवळजवळ कोरी होती.

मी टायरच्या कडेवरचा डॉट कोड पाहिला. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. यांचा टायर आठ वर्षांचा निघाला. गाडी बहुतेक काळ गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, त्यामुळे नक्षी झिजली नव्हती, पण रबर वाळून गेलं होतं. मी त्यांच्यासमोर अंगठ्याचं नख टायरमध्ये रोवून दाखवलं. शेजारच्या गाडीच्या ताज्या टायरवर नखाची खूण उमटली आणि हळूहळू भरून आली. यांच्या टायरवर नख नुसतं सरकलं. मग ड्युरोमीटर लावला. रबराचा कडकपणा मोजणारं ते छोटं घड्याळासारखं यंत्र असतं. काटा ताज्या टायरपेक्षा कितीतरी वर जाऊन थांबला. मालक बराच वेळ त्या काट्याकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "गाडीची सर्व्हिस दरवर्षी करतो मी. हे कुणी सांगितलंच नाही."

ट्रॅक्शन कंट्रोल ठणठणीत होतं. पण ती यंत्रणा नवी पकड तयार करत नाही, टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच वाटून देते. टायरकडेच नसेल तर कॉम्प्युटर काय वाटणार?

रबराला ताप हवा

रबर डांबराच्या बारीक खाचाखोचांत शिरून चिकटतं तेव्हा पकड मिळते, आणि शिरायचं तर ते मऊ हवं. कोरड्यातले रेसिंग स्लिक, म्हणजे बिननक्षीचे टायर, साधारण 80 ते 100 अंश सेल्सिअसला खरं काम करतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर इतकी उष्णता मागत नाहीत, पण हवा सात अंशांच्या आसपास उतरली की तेही ताठर होऊ लागतात. म्हणून युरोपात हिवाळ्यासाठी वेगळ्या रबराचे टायर बसवतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही, पण डिसेंबर-जानेवारीतल्या विदर्भातल्या पहाटेही टायरला पूर्ण जागं होऊ देत नाहीत.

पिटमध्ये आम्ही सुईचं पायरोमीटर वापरतो. गाडी आत आली की धावत जायचं आणि सुई रबराच्या आत खुपसायची: आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. तीन आकडे वहीत. वरवर मोजून भागत नाही, कारण पृष्ठभाग क्षणात गार होतो. मधला भाग फार गरम असेल तर हवा जास्त झाली. दोन्ही कडा गरम आणि मध्य गार असेल तर हवा कमी. तिन्ही आकडे खाली असतील तर ड्रायव्हरला सांगायचं, "अजून दोन फेऱ्या सांभाळून घ्या, ब्रेक लावत टायर तापवा." त्या दोन फेऱ्या ज्याला धीराने काढता येत नाहीत, त्याची गाडी बहुतेक वेळा क्रेनवर परत येते.

पावसात गाडी सैल सोडतात

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस हमखास गाठतो. ग्रिडवर गाड्या लागायला थोडा वेळ असताना आभाळ फुटलं की पिटमध्ये जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. जॅक खाली जातो, स्लिक उतरतात, खोल नक्षीचे वेट टायर चढतात. एवढं प्रेक्षकांना दिसतं. खरं काम गाडीच्या पोटाखाली चालू असतं.

पहिल्यांदा मागच्या अँटी-रोल बारचे बोल्ट निघतात. वळणावर गाडी कलू नये म्हणून तो दांडा असतो, आणि पावसात नेमकी ती थोडी कललेलीच हवी असते. मग डॅम्पर मऊ होतात, गाडीची उंची काही मिलिमीटर वाढते, विंगचा कोन वाढतो. ब्रेकला हवा देणाऱ्या नळ्यांवर टेप चिकटते, कारण गार ब्रेक पावसात दगा देतात. ब्रेकचा जोर पुढून थोडा मागे सरकतो. ओल्यात गाडी कमी जोरात थांबते, त्यामुळे पुढच्या चाकांवर वजन कमी पडतं. जोर कोरड्यासारखाच पुढे ठेवला तर पुढची चाकं लॉक होतात.

एका तरुण ड्रायव्हरला हे अजिबात पटत नव्हतं. "गाडी होडीसारखी डुलेल," म्हणून तो चिडला. आमच्या टीमचे जुने मेकॅनिक बोल्ट काढता काढता शांतपणे म्हणाले, "डुलू दे. ती डुलते तेव्हा तुला सांगत असते. ताठ गाडी न सांगता जाते."

त्या वाक्यात सगळं विज्ञान आहे. ताठ गाडीत वजन एका चाकावरून दुसऱ्यावर झटक्यात जातं. ओल्या रस्त्यावर टायरला असा झटका सोसत नाही. सैल गाडीत तेच वजन हळू सरकतं, टायर ते पेलतो, आणि निसटण्याआधी ड्रायव्हरला पाठीत जाणवतं. तो मुलगा त्या दिवशी शर्यत पूर्ण करून आला. हेल्मेट काढल्यावर सगळ्यांत आधी तो त्या मेकॅनिककडे गेला.

पावसातली रेषाही वेगळी असते. कोरड्यात सगळे ज्या रेषेवरून जातात तिथे डांबराचे खाचखळगे रबराने भरून गुळगुळीत झालेले असतात. पाऊस पडला की तीच रेषा सगळ्यांत निसरडी. जाणकार ड्रायव्हर ती सोडून बाहेरच्या खडबडीत डांबरावरून जातो. आपल्या रस्त्यांवर पहिल्या सरीनंतरची दहा-पंधरा मिनिटं अशीच घातकी असतात, कारण तेल, धूळ आणि रबराचा थर तेव्हा वाहून गेलेला नसतो.

हवा कमी की जास्त?

या प्रश्नावर मी गावात आणि पिटमध्ये सारखाच वाद ऐकलाय. आमच्याकडची जमीन काळी. चार थेंब पडले की चिखल चाकाला लपेटून बसतो. शेतातून निघताना हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि गाडी निघते. ते बरोबरच आहे. पण तीच युक्ती पाणी साचलेल्या महामार्गावर वापरली तर ती जिवावर बेतते.

नासाच्या संशोधकांनी 1963 साली विमानांच्या टायरवर काम करून एक साधं सूत्र मांडलं: टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागतो, ते त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं. टायर गुळगुळीत झालेला असेल किंवा पाणी नक्षीपेक्षा खोल असेल, तर 32 पीएसआय दाबाला हा वेग ताशी 94 किलोमीटरच्या आसपास येतो. दाब 25 वर आणला तर तो 84 च्या आत येतो. समृद्धीवर कारची मर्यादा 120 आहे. म्हणजे झिजलेला, कमी हवेचा टायर मर्यादेत चालणाऱ्या गाडीलाही पाण्यावर तरंगवू शकतो. तिथे स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून पाय अलगद उचलायचा.

खोल नक्षीचं काम इथे कळतं. फॉर्म्युला वनमधला पिरेलीचा पूर्ण पावसाळी टायर ताशी 300 किलोमीटर वेगाला सेकंदाला 85 लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो. पोहरे उपसल्यासारखं हे पाणी खाचांतून बाहेर जातं म्हणून खालचं रबर डांबराला टेकतं.

वजन कुठे आणि कान कुठे

बीबीत पावसाळ्यात रिकामी पिकअप रुतली की कुणीतरी ओरडतोच, "भाऊ, नुसती फिरू राह्यली ती! मागं चार पोते टाका, मंग पाहा कशी निघते!" इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि मागे वजनच नाही. पोती पडली की चाक धरतं.

स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या पोर्शेवाल्यांची अडचण उलटी होती. 1963 साली जगासमोर आलेल्या त्यांच्या 911 या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. जोर लावताना मागची पकड उत्तम, पण पुढचा भाग हलका, आणि ओल्या वळणावर पाय उचलला की शेपूट पुढे यायची. सुरुवातीच्या गाड्यांत त्यांनी पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी सुमारे 11 किलोचे ओतीव लोखंडाचे ठोकळे बसवले. पुढे 1969 च्या मॉडेलपासून मागची चाकं 57 मिलिमीटर मागे नेली आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. जगातले नावाजलेले इंजिनीअर आणि आमचा पिकअपवाला, दोघांनी एकच प्रश्न विचारला होता: वजन कुठे पाहिजे?

2019 च्या 911 मध्ये त्यांनी गाडीला चक्क कान दिले. पुढच्या चाकांच्या कमानीत बसवलेले सेन्सर टायरने उडवलेल्या पाण्याचा आवाज ऐकतात. रस्ता खूप ओला आहे असं वाटलं की ड्रायव्हरला सूचना मिळते. त्याने 'वेट' मोड निवडला की अॅक्सिलरेटर मवाळ होतो, स्थिरतेची यंत्रणा लवकर जागी होते, मागचा पंख खाली दाबणारा जोर वाढवतो. इंजिनची ताकद तेवढीच राहते, फक्त ती सावकाश हाती येते.

काळा पाषाण परदेशात

ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस तपासायला गाड्यांना मुद्दाम निसरड्या पृष्ठभागावर चालवतात. इंग्लंडमधल्या मिरा या चाचणी मैदानावर त्यासाठी बेसाल्टच्या फरशा बसवून त्यावर पाणी सोडलेलं असतं. डावी चाकं ओल्या बेसाल्टवर, उजवी डांबरावर, आणि मग कचकन ब्रेक. गाडी सरळ थांबली तर पास.

बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. लोणारचं जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर याच दगडात आहे. हा दगड घासून गुळगुळीत झाला आणि ओला झाला की किती निसरडा, हे आमच्याकडच्या बारवेच्या पायऱ्या उतरणाऱ्या बाईला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तीच गोष्ट मोटारीच्या जगाने मोजपट्टी म्हणून वापरली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

चार मिनिटांचा विजय

टायरवाल्यांच्या जगात एक शर्यत आजही आदराने सांगतात. 4 ऑगस्ट 1968, जर्मनीतलं न्युरबुर्गरिंग. धुवाधार पाऊस, दाट धुकं, जवळपास 23 किलोमीटरची एक फेरी. ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टच्या मनगटाला दुखापत झालेली. तरी केन टिरेल यांच्या टीमच्या मात्रा गाडीतून तो चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला. त्याचं कौशल्य निर्विवाद होतंच. पण त्याच्या गाडीला डनलपचे उत्कृष्ट पावसाळी टायर होते, हे जाणकार आवर्जून सांगतात. त्याच स्टुअर्टने पुढे सुरक्षित ट्रॅकसाठी आयुष्यभर आवाज उठवला. पावसाला जिंकलेला माणूस पावसाला सर्वांत जास्त मान देत होता.

आता तुमच्यासाठी

केंद्र सरकारने 2022 मध्ये टायरची ओल्यातली पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांचे निकष बंधनकारक करण्याची अधिसूचना काढली. निकष आले, पण तुमच्या गाडीचा टायर तुम्हालाच पाहावा लागतो. गाडी कितीही हॉर्सपॉवरची असो, ती जमिनीला टेकते चार तळहातांएवढ्या रबरावर.

म्हणून आजच खाली वाका. डॉट कोडचे चार आकडे वाचा. नक्षीतल्या झीजखुणेपर्यंत रबर आलं असेल, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं असेल, तर टायर बदला. पावसात वेगाने जाणार असाल तर त्याच्याही आधी बदला. हवा गाडी थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढीच भरा. थंड पहाटे पहिले दहा-पंधरा किलोमीटर दमाने जा. ओल्यात अॅक्सिलरेटर, ब्रेक, स्टिअरिंग, तिन्ही हळुवार हाताळा. गाडी घेताना लाखो रुपये मोजलेत, तर चांगल्या टायरला हात आखडू नका.