डेटाबेस एका क्लस्टरमधून दुसऱ्यात कसा नेतात? बॅकअप आणि रिस्टोअर, सोप्या मराठीत



दिवाळीच्या आधी मी सेलूला घरी गेलो होतो. भर दुपारी बाबांचा फोन शेतातल्या हौदात पडला, आणि गेला तो गेलाच. संध्याकाळी नवीन फोन आणला, सिम टाकलं, गुगल अकाउंट टाकलं आणि व्हॉट्सअॅप रिस्टोअर केलं. जुने सगळे मेसेज आले. बाबा खूश! मग म्हणाले, "सोयाबीनची पट्टी कुठंय रे? आज सकाळीच आडत्यानं टाकली होती."

पट्टी नव्हतीच. कारण व्हॉट्सअॅपचा बॅकअप रात्री २ वाजता झालेला, आणि पट्टी आली सकाळी ११ ला. शेवटी आडत्याला फोन केला, त्यानं त्याच्या वहीतून पाहून परत पाठवली.

मी सॉफ्टवेअर कंपनीत जे काम करतो, त्यातला मोठा भाग हाच आहे. फक्त तिथे एका फोनऐवजी लाखो लोकांचा डेटा असतो. आज तेच समजून घेऊया.

क्लस्टर म्हणजे काय?

तुम्ही यूपीआयने पैसे पाठवता, रेल्वेचं तिकीट काढता, तेव्हा ती नोंद डेटाबेसमध्ये जाते. एवढा डेटा एका कॉम्प्युटरवर ठेवला आणि तो बंद पडला तर सगळंच ठप्प. म्हणून बरेच सर्व्हर एकत्र जोडून एक डेटाबेस चालवतात. या गटाला क्लस्टर म्हणतात.

आता कधी कधी हा सगळा डेटा दुसऱ्या क्लस्टरमध्ये न्यावा लागतो. एक खरं उदाहरण बघा. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवायचा. मुदत होती सहा महिने. ज्यांचा डेटा परदेशातल्या सर्व्हरवर होता, त्यांना तो इथे आणणं भाग होतं. अॅमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झालेलं होतं. २०२२ मध्ये हैदराबादचंही सुरू झालं. त्यामुळे आता एक प्रत मुंबईत, एक हैदराबादला असं ठेवता येतं. म्हणजे आपल्या परभणीवरून देवगिरी एक्सप्रेस जाते, साधारण त्याच दिशेने डेटाही जातो म्हणा ना!

मग सरळ कॉपी-पेस्ट का नाही करायचं?

कारण डेटाबेस चालू असतो. समजा १० वाजता तुमच्या खात्याची नोंद कॉपी झाली, त्यात ५०० रुपये आहेत. १० वाजून ५ मिनिटांनी तुम्ही ते मित्राला पाठवले. १० वाजून १० मिनिटांनी मित्राची नोंद कॉपी झाली, त्यातही तेच ५०० रुपये आहेत. म्हणजे नव्या प्रतीत ५०० चे झाले १०००!

आणि कॉपीला वेळ लागतो. २ टेराबाइट डेटा सेकंदाला १ गिगाबिट वेगाने पाठवला, तरी साडेचार तासांच्या आसपास जातात. तेवढ्या वेळात किती व्यवहार होतील, विचार करा.

उत्तर आडत्याच्या दुकानात आहे

आडत्याकडे दोन वह्या असतात. रोजमेळात दिवसभराचे व्यवहार जसे होतील तसे उतरवतात. खतावणीत प्रत्येकाचा हिशोब वेगवेगळ्या पानावर असतो.

डेटाबेसचंही तसंच असतं. मुख्य डेटा म्हणजे खतावणी. प्रत्येक बदलाची क्रमाने नोंद ठेवणारी फाइल, म्हणजे लॉग, हा रोजमेळ. पोस्टग्रेस नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये या लॉगला 'वॉल' म्हणतात.

आता दुसऱ्या गावात दुकान काढायचंय, तर काय कराल?

१. खतावणीची झेरॉक्स काढा. दुकान चालूच राहू द्या. हा झाला बॅकअप.
२. झेरॉक्स सुरू केल्यापासूनची रोजमेळाची सगळी पानं जपून ठेवा.
३. नव्या दुकानात आधी झेरॉक्स लावा. हे रिस्टोअर.
४. मग रोजमेळाची पानं क्रमाने वाचत एकेक बदल त्यात करा. मघाचा ५०० रुपयांचा गोंधळ इथेच सुटतो.
५. नवं दुकान जुन्याच्या बरोबरीला आलं, की काही क्षण जुनं थांबवा, शेवटची पानं उतरवा आणि गिऱ्हाईक नव्याकडे वळवा.

मधलं एक जरी पान हरवलं, तर त्याच्या पुढचं काहीच उतरवता येत नाही. बाबांच्या फोनमध्ये नेमकं हेच नव्हतं. झेरॉक्स होती रात्री २ ची, पण त्यानंतरचा रोजमेळ नव्हता.

आणखी एक पद्धत आहे. झेरॉक्स न काढता प्रत्येक ओळ वाचून नव्या वहीत लिहायची. पोस्टग्रेसमध्ये हे काम 'पीजी-डंप' करतं. फायदा असा, की नवा डेटाबेस पुढच्या व्हर्जनचा असला तरी चालतो. तोटा म्हणजे मोठ्या डेटाला फार वेळ लागतो, आणि या प्रतीवर वॉलची पानं लावता येत नाहीत. पान क्रमांक बदललेले असतात ना!

गिटलॅबची गोष्ट

गिटलॅब या कंपनीकडे जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता. चुकून कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. लक्षात येईपर्यंत ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता.

बॅकअप होता ना? बघायला गेले तर जागा रिकामी! पीजी-डंप जुन्या व्हर्जनचा होता, डेटाबेस नव्या. त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तो होत नाही हे सांगणारे ईमेलही पोहोचत नव्हते.

मग त्यांना वाचवलं कशानं? त्याच दिवशी एका इंजिनिअरने चाचणीच्या क्लस्टरमध्ये नेण्यासाठी एक प्रत काढली होती. ती सहा तास जुनी होती. चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क संथ होत्या, त्यामुळे ती परत आणायलाच १८ तासांच्या आसपास गेले. मधल्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी कायमच्या गेल्या; त्याचा फटका सुमारे ५,००० प्रोजेक्ट आणि ७०० नव्या युजरना बसला. पण कंपनीने सगळं उघडपणे सांगितलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो.

माझी स्वतःची चूक

पहिल्या नोकरीत मी असाच एक बॅकअप चाचणीच्या क्लस्टरमध्ये रिस्टोअर केला. ओळींची संख्या जुळली, मी रूमवर गेलो. पण त्या डेटासोबत लोकांचे खरे मोबाइल नंबर आले होते, आणि रात्री एसएमएस पाठवणारा प्रोग्रॅमही तिथे चालू होता. प्रत दोन दिवस जुनी! ज्यांनी हप्ता भरला होता त्यांनाही 'हप्ता थकला आहे' असा मेसेज गेला. सकाळी एका आजोबांचा फोन आला. ते पावती हातात धरून बोलत होते, आवाज थरथरत होता. मी फक्त "माफ करा" म्हणू शकलो.

तेव्हापासून माझा नियम आहे. चाचणीची प्रत असेल तर रिस्टोअर झाल्याबरोबर आधी खरे नंबर आणि नावं झाकायची, मेसेज बंद करायचे. मगच पुढचं काम.

तुम्ही आज काय कराल?

सेटिंगमध्ये 'बॅकअप चालू' असं दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका. व्हॉट्सअॅपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. गुगल ड्राइव्हची जागा भरली असेल, तर ती कित्येक महिने जुनी निघू शकते. सातबारा, पीकविम्याची पावती, मार्कशीट असल्या गोष्टी दुसऱ्या ठिकाणीही ठेवा, आणि तिथून एखादी फाइल खरंच उघडते का ते बघा.

बाबा आता पट्टी आली की लगेच मला फॉरवर्ड करतात. मी त्यांना वॉल शिकवला नाही. पण रोजमेळाची प्रत दुसऱ्याकडेही असावी, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं.